फोनवर ‘चालू’ दिसतंय, मग पाणी का नाही? वायफाय बोर्ड आणि रिलेचा बिघाड शोधताना



हरभरा, गहू आणि उभी हळद, तिन्हींना पाणी देण्याचे दिवस आहेत. थ्री फेज लाईन कधी दिवसा, कधी रात्री. रात्री-बेरात्री साप-विंचवाच्या भीतीत वावरात जायला नको, म्हणून आपल्या बऱ्याच सभासदांनी (खरं म्हणजे घरातल्या शिकणाऱ्या मुलांनी) वायफायचा छोटा बोर्ड आणि निळा रिले आणून मोटार फोनवरून चालू-बंद करायची सोय केली आहे. ‘नोडएमसीयू’ किंवा ‘ईएसपी-३२’ या नावानं हा बोर्ड मिळतो. काहीशे रुपयांत येतो, व्हिडिओ बघून जोडता येतो, आणि घरी टेबलावर बल्ब लावून बघितला तर झकास चालतो. आखाड्यावर नेला की तक्रारी सुरू होतात.

तक्रारी दोन प्रकारच्या. फोनवर चालू दाखवतं पण पाणी येत नाही, ही एक. मोटार आपोआप चालू होते किंवा बंदच होत नाही, ही दुसरी. पहिलीत पाळी बुडते. दुसरीत जीव जाऊ शकतो, कारण मोटार बंद आहे असं समजून कुणीतरी पेटीत हात घातलेला असतो किंवा फूटवॉल्व्ह काढायला पाण्यात उतरलेलं असतं.

एक गोष्ट पक्की समजून घ्या. फोनवरचं बटन हिरवं झालं याचा अर्थ बहुतेक वेळा एवढाच, की फोननं निरोप पाठवला. निरोप बोर्डाला मिळाला का, रिले ओढला का, स्टार्टर बसला का, पाणी आलं का, यातलं काहीच त्या हिरव्या रंगातून कळत नाही. म्हणून बिघाड शोधताना फोन खिशात ठेवा आणि मोटारीपाशी जाऊन कान लावा. बटन घरच्या कुणाला तरी दाबायला सांगा.

*आधी मेन स्विच*

पेटी उघडण्याआधी मेन स्विच पाडा, किटकॅट फ्यूज काढून खिशात घाला, मग टेस्ट लॅम्पनं तिन्ही फेज बघा. फोनवरून ‘बंद’ केलं म्हणजे करंट गेला असं नाही; स्टार्टरच्या वरच्या तीन तारा जिवंतच असतात.

निळ्या रिलेवर ‘१० अँपिअर २५० व्होल्ट एसी’ असं छापलेलं असतं. ५ एचपीची थ्री फेज मोटार चालताना साधारण ७-८ अँपिअर घेते, म्हणजे रिले पुरेल, असा हिशेब काही जण करतात. पण डायरेक्ट स्टार्टरवर चालू होताना तीच मोटार पाच-सहा पट करंट ओढते. शिवाय रिले एकच तार तोडतो, बाकी दोन फेज मोटारीत तसेच राहतात. त्यामुळे या रिलेवर मोटार थेट कधीही जोडायची नाही. रिलेचं काम फक्त स्टार्टरचं हिरवं आणि लाल बटन दाबण्याचं.

त्यातही एक मेख आहे, आणि व्हिडिओवाले ती क्वचितच सांगतात. आपल्याकडच्या पुष्कळ शेतीपंपाच्या स्टार्टरमध्ये कॉइल ४१५ व्होल्टची असते, म्हणजे दोन फेजच्या मधे बसवलेली. तिथं न्यूट्रल लागत नाही म्हणून ती सोयीची. पण आपला रिले २५० व्होल्टचा. त्याच्या कॉन्टॅक्टमधून ४१५ व्होल्ट तोडायला लागलात तर ठिणगी लांबते, कॉन्टॅक्ट जळतात किंवा एकमेकांना चिकटतात. कॉइलवर व्होल्टेज छापलेलं असतं, ते वाचा. ४१५ असेल तर वायरमनकडून २४० व्होल्टची कॉइल बसवून घ्या, त्यासाठी न्यूट्रल नीट आणलेला हवा. नाहीतर मधे ४१५ व्होल्टला चालणारा वेगळा कॉन्टॅक्टर टाकून घ्या. ही जोडणी परवानाधारक वायरमनचीच. पोरानं बोर्ड आणि प्रोग्राम बघावा, पेटीतलं वायरमननं.

*कान काय सांगतो*

बटन दाबल्यावर तीन आवाज ओळीनं यायला हवेत. रिलेची बारीक ‘टिक’, स्टार्टरचा ‘खट्’, मग मोटारीची घरघर. कुठला आवाज आला नाही, त्यावरून बिघाड कुठं आहे ते कळतं.

टिकच आली नाही, तर बोर्डाचा दिवा बघा. दिवा नाही म्हणजे चार्जर गेला किंवा त्याला लाईट मिळत नाही. डीपीपासून लांब, लाईनच्या शेवटी असलेल्या आखाड्यावर व्होल्टेज पडतं तेव्हा स्वस्तातला चार्जर आधी दम सोडतो. ५ व्होल्ट २ अँपिअरचा चांगल्या कंपनीचा चार्जर लावा. दिवा आहे पण टिक नाही, तर निम्म्याहून जास्त वेळा दोष वायफायचा असतो.

वायफायमधला आपल्या भागातला सगळ्यात मोठा घोळ हा असतो: लाईट आली की बोर्ड काही सेकंदांत जागा होतो, आणि राउटर जागा व्हायला दीड-दोन मिनिटं घेतो. बोर्ड वायफाय शोधतो, सापडत नाही. प्रोग्राममध्ये जोडणीचा प्रयत्न सुरुवातीला एकदाच लिहिलेला असेल, तर बोर्ड तसाच दिवसभर बहिरा बसतो. घरी हा दोष कधीच दिसत नाही, कारण घरचा राउटर सतत चालू असतो. उपाय प्रोग्राममध्ये आहे: दर ३० सेकंदांनी जोडणी आहे का बघायचं, नसेल तर पुन्हा जोडायची. राउटरला छोटी बॅटरी लावली तर आणखी बरं.

दुसरा घोळ मोबाईल हॉटस्पॉटचा. नोडएमसीयू आणि साधा ईएसपी-३२ हे दोन्ही फक्त २.४ गिगाहर्ट्झचं वायफाय ओळखतात. नवे फोन हॉटस्पॉट ५ गिगाहर्ट्झवर टाकतात, मग बोर्डाला ते दिसतच नाही. हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये बँड २.४ करा. तिथंच ‘कुणी जोडलेलं नसेल तर हॉटस्पॉट आपोआप बंद’ असा पर्याय असतो, तो काढून टाका. नाव आणि पासवर्डमधली लहान-मोठी इंग्रजी अक्षरं जशीच्या तशी हवीत. आणि हसू नका, पण रोजचा डेटा संपलेला असणं हेही नेहमीचं कारण आहे: वायफाय जोडलेलं दिसतं, इंटरनेट नसतं.

काहींचं असं होतं, की आखाड्यावर उभं राहून मोटार चालू होते, गावात आलं की होत नाही. याचं कारण बोर्डात नसतं. ‘१९२.१६८’नं सुरू होणारा पत्ता फक्त त्याच वायफायच्या आत चालतो. बाहेरून त्याला गाठायला राउटरमध्ये पोर्ट उघडा असं व्हिडिओत सांगतात, पण मोबाईलच्या सिमवर आपल्याला स्वतंत्र इंटरनेट पत्ता सहसा मिळतच नाही, कंपनी एकच पत्ता अनेक ग्राहकांत वाटते. त्यामुळे पोर्ट उघडून काही होत नाही. बोर्डानं स्वतः बाहेरच्या सर्व्हरला जोडून राहायचं आणि फोननं त्याच सर्व्हरला निरोप द्यायचा, ही पद्धत चालते. ‘एमक्यूटीटी’ म्हणतात ती हीच. आणि आखाड्यावरून चालणारी मोटार एके दिवशी अचानक सापडेनाशी झाली, तर राउटरनं बोर्डाचा पत्ता बदलला असेल. राउटरमध्ये तो पत्ता कायम करून ठेवा.

बोर्ड स्टार्टरच्या लोखंडी पेटीत ठेवला असेल तर सिग्नल बाहेर पडतच नाही. प्लॅस्टिकच्या डब्यात, पेटीच्या बाहेर, पावसाचं पाणी लागणार नाही असा लावा. मोकळ्या रानात हा बोर्ड साधारण ५० ते १०० मीटरपर्यंत पकड धरतो. मधे पत्र्याची भिंत, उसाचा फड किंवा दाट केळी आली की तेवढंही राहत नाही. सिद्धेश्वर धरणाच्या फुगवट्यावर मोटारी बसवलेल्यांची अडचण तर वेगळीच. पाणी मागं हटेल तशी मोटार पुढं सरकते आणि घरचं वायफाय मागंच राहतं. त्यांनी या बोर्डाच्या नादी लागण्यापेक्षा सिमवर चालणारं तयार यंत्र घ्यावं, असं आमचं स्पष्ट मत आहे.

टिक येते आणि लगेच बोर्ड बंद पडून पुन्हा सुरू होतो? बोर्ड आणि रिले एकाच अशक्त चार्जरवर आहेत. रिलेची कॉइल ७० मिलीअँपिअरच्या आसपास ओढते, आणि बोर्ड वायफायवर बोलताना क्षणभर त्याच्या कितीतरी पट. दोघांची गरज एकदम आली की ५ व्होल्ट खाली बसतात. रिलेला बोर्डाच्या ३.३ व्होल्टच्या पिनवरून लाईट देऊ नका, चार्जरमधून थेट ५ व्होल्ट द्या. ५ व्होल्टच्या दोन तारांमधे १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला तर हा त्रास बराच कमी होतो. मात्र त्याचं अधिक-उणे उलटं झालं तर तो फुटतो.

स्टार्टर बसताना किंवा सुटतानाच बोर्ड अडकत असेल, तर तो कॉइलचा झटका आहे. २४० व्होल्टच्या कॉइलवर आडवा ‘स्नबर’ लावून घ्या: १०० ओहमचा रेझिस्टर आणि त्याच्या ओळीत ०.१ मायक्रोफॅरडचा एक्स-२ कपॅसिटर. तयारही मिळतो.

टिक आली पण खट् नाही, तर बोर्डाला शिव्या देऊ नका. एक फेज गेला असेल, ओव्हरलोड ट्रिप झाला असेल किंवा सिंगल फेज प्रिव्हेंटरनं अडवलं असेल. हातानं हिरवं बटन दाबून बघा. त्यानंही चालू होत नसेल तर दोष बोर्डात नाहीच. आणि प्रिव्हेंटर अडवतो म्हणून त्याची तार बायपास करायची नाही. तो मोटार जळण्यापासून वाचवतोय.

तिन्ही आवाज आले आणि पाणी नाही, तर फूटवॉल्व्ह, हवा, पाण्याची पातळी बघा. डीपीवर काम झाल्यानंतर पाणी एकदम कमी झालं असेल, तर फेज बदलून मोटार उलटी फिरत असेल. दोन फेजच्या तारा अदलाबदल करायचं काम वायरमनचं.

*आपोआप चालू होणारी मोटार*

आता दुसरी तक्रार, ही सावकाश वाचा.

बाजारात मिळणारे बहुतेक रिले मॉड्यूल उलट्या चालीचे असतात. बोर्डानं पिन ‘खाली’ नेली की रिले चालू, ‘वर’ नेली की बंद. लाईट येऊन बोर्ड जागा होतो, प्रोग्राम त्या पिनला ‘आउटपुट’ ठरवतो, आणि त्याच क्षणी पिन खाली असते. रिले टिक करतो. टेबलावर हे बल्बच्या एका मिचकावण्यासारखं दिसतं. वावरात तेवढ्यात स्टार्टरचं हिरवं बटन दाबलं जातं आणि स्टार्टर स्वतःला धरून बसतो. म्हणजे लाईट आली की मोटार चालू, कुणी काही न करता. उपाय एका ओळीचा आहे: प्रोग्राममध्ये आधी पिन ‘वर’ लिहायची, मग तिला आउटपुट करायचं. हा क्रम उलटा असेल तर आजच बदला.

पिन कुठली निवडली यालाही महत्त्व आहे. नोडएमसीयूवर डी-३, डी-४ आणि डी-८ या पिना बोर्ड जागा होताना स्वतःच्या कामासाठी वाचतो. त्यांवर रिले जोडला तर कधी बोर्ड सुरूच होत नाही, कधी रिले फडफडतो. रिलेसाठी डी-१ आणि डी-२ वापरा. ईएसपी-३२वर पिना वेगळ्या आहेत, तिथं ही नावं लागू नाहीत.

कधी रिले सुटतच नाही. प्रोग्राम बंद म्हणतो, रिलेचा दिवा मंद जळत राहतो. बोर्डाची ‘वर’ म्हणजे ३.३ व्होल्ट आणि रिले मॉड्यूलला ५ व्होल्ट दिलेले, त्यामुळे मधे १.७ व्होल्टचा फरक उरतो, आणि काही मॉड्यूलना तेवढा पुरतो. मॉड्यूलवर ‘जेडी-व्हीसीसी’ लिहिलेला छोटा जंपर असेल तर तो काढा. जेडी-व्हीसीसीला ५ व्होल्ट आणि व्हीसीसीला बोर्डाचे ३.३ व्होल्ट द्या. रिले स्वच्छ सुटायला लागेल.

सगळ्यात वाईट म्हणजे चिकटलेला कॉन्टॅक्ट. हिरव्या बटनाला जोडलेल्या रिलेचे कॉन्टॅक्ट चिकटले, तर कुणीतरी हिरवं बटन कायमचं दाबून धरल्यासारखं होतं. तुम्ही लाल बटन दाबता, मोटार थांबते. बोट उचललं की पुन्हा सुरू. हे लक्षण दिसलं, की लाल बटनावर विश्वास न ठेवता तडक मेन स्विच पाडा. नंतर लाईट पूर्ण तोडून, रिलेच्या कॉमन आणि एनओ या दोन टोकांना मीटरची कंटिन्युइटी लावा. रिले बंद असताना बीप वाजली तर रिले फेकून द्या. तो ठोकून सुटतो, पण पुन्हा चिकटतो. मुंग्या आणि पालींमुळेही पेटीत असेच प्रकार होतात, डब्याची भोकं बुजवा.

एक कारण फोनमध्ये लपलेलं असतं. काही प्रोग्राममध्ये मोटार चालू करायला ब्राउझरमध्ये एक पत्ता उघडायचा असतो. तो टॅब तसाच उघडा राहतो. दोन दिवसांनी तुम्ही बाजारभाव बघायला ब्राउझर उघडता, जुना टॅब स्वतःला पुन्हा लोड करतो, आणि वावरात मोटार चालू! शिवाय पासवर्ड नसेल तर त्या वायफायवरचं कुणीही हे करू शकतं. नुसत्या पत्त्यावर चालणारा प्रोग्राम बदला. बटन दाबल्याशिवाय निरोप जायला नको, आणि पासवर्ड हवाच.

लाईट गेली तेव्हा मोटार चालू होती, म्हणून लाईट आल्यावर बोर्डानं आपणहून चालू करावी, असा प्रोग्राम काही जण मुद्दाम लिहितात. जुन्या ‘ऑटो’चंच हे नवं रूप. लाईट आल्याबरोबर एका डीपीवरच्या सगळ्या मोटारी एकदम उठल्या की डीपी जळते, म्हणूनच महावितरण ऑटो स्विच काढून कपॅसिटर बसवा असं वर्षानुवर्षं सांगत आली आहे. जळालेली डीपी बदलेपर्यंत पाळी कुणाची बुडते ते आपल्याला माहीत आहे. लाईट आल्यावर बोर्डानं ‘बंद’ स्थितीतच उठावं आणि तुम्ही सांगाल तेव्हाच मोटार चालू करावी.

*निरोप तुटला तर*

मोटार चालू आहे आणि वायफाय गेलं. आता ‘बंद’चा निरोप पोचणार कसा? रात्रभर पाणी चालू राहिलं तर हळदीच्या सऱ्या तुंबतात, आणि तुंबलेल्या पाण्यात कंदकूज आली की नऊ महिन्यांची मेहनत जाते.

यासाठी वेळ मोजणं बोर्डात असावं, फोनमध्ये नको. ‘दोन तास चालव’ असा एकच निरोप द्यायचा. पुढं वायफाय राहो न राहो, दोन तासांनी बोर्ड स्वतः बंद करेल. आणि लाल बटनाच्या ओळीत जो रिले असतो, तो एनओवर जोडून घ्या: बोर्ड जिवंत आणि रिले ओढलेला असेल तरच स्टार्टर धरून राहील. बोर्ड मेला, चार्जर जळाला, तार निघाली, तर मोटार बंद पडेल. एनसीवर जोडला तर उलट होतं, बोर्ड मेल्यावर मोटार चालूच राहते. एनओची अडचण एवढीच, की बोर्ड बिघडला तर हातानंही मोटार चालू होत नाही. म्हणून पेटीवर ‘ऑटो-मॅन्युअल’ असा फिरता स्विच हवा. दुरुस्तीला जाताना तो मॅन्युअलवर आणि मेन स्विच खाली, दोन्ही.

मोटारीकडून उलट निरोप मिळणं ही खरी गरज आहे, आणि ती काही नवी नाही. पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांनी मोबाईलवरून पंप चालवणारं ‘नॅनो गणेश’ यंत्र तयार केलं, २००९ मध्ये त्याला नोकियाच्या स्पर्धेत बक्षीसही मिळालं. तेव्हा स्मार्टफोन फारसे नव्हते, साध्या फोनवरच काम व्हायचं. त्यात चालू-बंदबरोबरच वावरात लाईट आहे का, हेही शेतकऱ्याला घरबसल्या कळायचं. आपल्या बोर्डावरही हे करता येतं: मोटारीच्या एका तारेभोवती करंट सेन्सर घाला आणि फोनवरचं बटन करंट दिसल्यावरच हिरवं होऊ द्या. करंट नेहमीपेक्षा बराच कमी दिसला तर मोटार कोरडी चालली आहे, लगेच बंद. धरणाची पातळी उतरते तेव्हा फूटवॉल्व्ह उघडा पडतो, त्या दिवसांत ही सोय मोटार वाचवते. बोर्डाचं जमत नसेल तर पॅनलमध्ये ड्राय रन प्रिव्हेंटर तरी बसवून घ्या.

या आठवड्यात ज्यांना अडचण येईल त्यांनी ग्रुपवर नुसतं ‘चालत नाही’ असं टाकू नये. टिक, खट्, घरघर यांतला कुठला आवाज आला नाही, बोर्डाचा आणि रिलेचा दिवा कसा आहे, हातानं हिरवं बटन दाबल्यावर काय होतं आणि स्टार्टरच्या कॉइलवर किती व्होल्ट लिहिलेत, एवढं लिहा किंवा आवाजी मेसेज टाका. सोबत जोडणीचा फोटो. फोटो काढताना मेन स्विच खाली असल्याचं त्याच फोटोत दिसलं पाहिजे.